जुन्या टीव्हीचा रिमोट: आधी कॅमेरा, मग सेल, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी

माझ्याकडे येणारे बहुतेक रिमोट आधीच कुणीतरी उघडलेले असतात. कडेला स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, एक खटका तुटलेला, आतल्या काळ्या ठिपक्यांवर पॉलिश पेपर फिरवलेला. सोबत ठरलेलं वाक्य: "साफ करून बघितला, तरी चालत नाही." साफ केला म्हणूनच चालत नाही, हे सांगणं जिवावर येतं.

म्हणून हा लेख. पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीसोबत आलेले, दोन सेलवर चालणारे इन्फ्रारेड रिमोट एवढाच मुख्य विषय आहे. ज्यात सेलच नसतात अशा त्याहून जुन्या रिमोटबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. रिमोट बिघडतो त्यापेक्षा घाईने जास्त मरतो.

तयारी

स्टीलचं एक मोठं ताट आणि त्यात पसरायला जुना सुती रुमाल. रिमोट ताटातच उघडायचा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सोफ्याखाली जात नाही. बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, जुनं एटीएम कार्ड, मऊ टूथब्रश, कानाचे कापसाचे इयरबड, भांडी घासायचा लिक्विड सोप, आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात 'आयपीए' म्हणून मागा), साधा मल्टिमीटर आणि मोबाइल. सोल्डरिंग येत असेल तर २५ वॉटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न. येत नसेल तर पहिला प्रयोग या रिमोटवर करू नका.

पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावरून उचलून ठेवा. रिमूव्हरमधल्या अॅसिटोनने रिमोटचं प्लास्टिक विरघळतं आणि बटणांवरचे आकडे पुसले जातात.

१. दोष रिमोटचा की टीव्हीचा, ते ठरवा

रिमोटच्या टोकाचा एलईडी जो प्रकाश सोडतो तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र तो जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. खोलीत अंधार करा, कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक लेन्ससमोर धरून बटण दाबा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. मागचा कॅमेरा वापरतो, काही दिसत नाही, आणि रिमोट मेला म्हणून जाहीर करतो. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर चांगला जाड असतो. सेल्फीचा कॅमेरा वापरा. त्याही आधी घरातल्या चालत्या रिमोटवर, सेट टॉप बॉक्सचा चालेल, तोच कॅमेरा तपासून घ्या. कॅमेऱ्याची परीक्षा आधी, रिमोटची नंतर.

तपासा:
- बटण दाबल्यावर लुकलुकतं, पण टीव्ही ढिम्म. दोष बहुधा टीव्हीच्या बाजूला आहे.
- काहीच लुकलुकत नाही. दोष रिमोटमध्ये आहे. पुढे वाचा.
- काही न दाबता लुकलुकतं. एखादं बटण आत अडकलंय किंवा कधीतरी चहा सांडलाय. सेल लगेच काढा, नाहीतर दोन दिवसांत संपतील.

दोष टीव्हीकडे वाटला तर आधी फुकटचे उपाय करा. टीव्हीच्या पुढच्या काळ्या काचेवरची धूळ पुसा. खिडकीतलं ऊन थेट त्या काचेवर येत असेल तर पडदा ओढा. खोलीतले सीएफएल बंद करून बघा, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या लुकलुकण्याने रिसीव्हर गोंधळतो. चाइल्ड लॉक लागलं नाही ना, तेही बघा.

धोका: एवढं करूनही टीव्ही ऐकत नसेल तर मागचं झाकण उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहतो. आतला तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर स्वस्त असतो. पण तो बदलणं जुन्या टीव्हीवर हात बसलेल्या मेकॅनिकचंच काम.

२. सेल मोजा, पण बटण दाबून

"सेल नवीन आहेत" हे वाक्य मी आता पुरावा मानत नाही. ड्रॉवरमध्ये चार वर्षं पडलेले सेलही घरच्यांच्या हिशेबी नवीनच असतात.

नुसता सेल मीटरला लावला तर अर्धमेला सेलसुद्धा १.४ व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. रिमोट प्रकाश सोडतो तेव्हा क्षणभर बराच करंट ओढतो आणि तिथे अशक्त सेल बसतो. म्हणून सेल रिमोटमध्येच ठेवा, मीटरच्या पिना सेलच्या दोन टोकांना लावा आणि कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. व्होल्टेज १.२ च्या खाली घसरलं तर सेल बदला. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा अशी जोडी लावली की जुना आधी संपतो आणि नंतर गळतो.

३. लक्षणं कागदावर लिहा

उघडायच्या आधी प्रत्येक बटण कॅमेऱ्यासमोर दाबायचं आणि कागदावर बटणांची आकृती काढून चालणाऱ्यावर टिक, न चालणाऱ्यावर फुली करायची. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटं जातात, पण पुढचा एक तास वाचतो.

आतली बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. प्रत्येक बटण एक आडवी आणि एक उभी ओळ जोडतं. आता कागद बघा. फुल्या विखुरलेल्या असतील, म्हणजे आवाज, चॅनेल, पॉवर अशा रोजच्या वापरातल्या बटणांवर, तर बटणांखालचे कार्बनचे ठिपके झिजलेत. सलग चार-पाच बटणं एकदम गेली असतील, तर ठिपके एकाच दिवशी झिजत नाहीत. सर्किटच्या पट्टीवरची एखादी तार तुटली आहे किंवा आयसीचा, म्हणजे काळ्या चिपचा, एखादा पाय सुटला आहे. मात्र जाळीतली 'ओळ' बाहेरून दिसणाऱ्या बटणांच्या रांगेसारखीच असेल असं नाही. गेलेली बटणं वेगवेगळ्या कोपऱ्यांत दिसली, तरी आत ती एकाच तारेवर असू शकतात.

सगळीच बटणं बंद असतील तर संशय सेलचे पत्रे, सोल्डर, रेझोनेटर (लुकलुकण्याची गती ठरवणारा छोटा भाग) आणि एलईडी, याच क्रमाने घ्यायचा.

४. उघडा, पण जोर लावू नका

सेल काढा. सेलच्या कप्प्यात स्क्रू आहे का बघा. मागच्या स्टिकरवर बोट दाबून फिरवा. बोट कुठे आत गेलं तर तिथे स्क्रू लपलाय. पुढच्या बाजूला अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून हळूच उचला. थंडपणी ओढली तर तिला पडलेली घडी कधीच जात नाही.

स्क्रू निघाल्यावर दोन अर्ध्या भागांच्या फटीत एटीएम कार्ड घाला. सेलच्या बाजूने सुरुवात करा आणि कार्ड कडेने सरकवत न्या. खटका सुटला की 'टक' असा आवाज येतो. कार्ड अडलं तर तिथे जोर लावू नका, दुसऱ्या बाजूने या. स्क्रूड्रायव्हर खुपसायची हौस इथेच होते आणि तीस वर्षं जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं.

उघडताना बटणांची बाजू खाली, ताटाकडे ठेवा. नाहीतर सुटी बटणं भुईमुगाच्या शेंगांसारखी विखुरतात.

तपासा: काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सेलच्या स्प्रिंगा कुठल्या बाजूला आणि एलईडी कसा वाकवला आहे, एवढं तरी स्पष्ट दिसायला हवं.

५. गळलेल्या सेलची घाण

सेल दोन प्रकारचे आणि त्यांची घाणही दोन प्रकारची. अल्कलाइन सेलमधून पांढरी, कोरडी, साखरेसारखी पूड येते. ती आम्लारी असते, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या इयरबडने पुसा. साध्या झिंक-कार्बन सेलमधून ओलसर, तपकिरी, चिकट द्रव येतो. तो आम्लाकडे झुकणारा असतो, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. दोन्ही औषधं एकत्र ओतली की फेस छान येतो आणि काम काहीच होत नाही.

दोन्ही प्रकारांत शेवटी ओल्या कापडाने पुसून आयपीएचा हात फिरवा. व्हिनेगर मागे राहिलं तर तेच तांबं खायला लागतं.

स्प्रिंग आणि पत्रे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. पॉलिश पेपरला या सगळ्या कामात एवढी एकच जागा आहे. घासून झालं की तो ताटाबाहेर ठेवून द्या.

हिरवट-निळी बुरशी (खरं तर तांब्याचा गंज) पट्टीवर दूरवर पसरली असेल तर तिच्याखालची तांब्याची रेष भिंगातून बघा. तुटली असेल तर तेवढ्या भागाला बारीक तार सोल्डर करून पूल घालता येतो.

६. धुणं

रबराचा पडदा म्हणजे बटणांची ती अखंड चादर. ती बाहेर काढून कोमट पाण्यात लिक्विड सोपने धुवा. मऊ ब्रश, हलका हात. चिकट तेलकट थर दिसला तर घाबरू नका. तो नुसता हातांचा मळ नसतो, जुन्या रबरातूनही तेल सुटतं. आकडे छापलेली बाजू घासायची नाही, फक्त साबणाचा फेस फिरवायचा. प्लास्टिकचे दोन्ही भागही असेच धुवा, फक्त कप्प्यातला सेलच्या दिशा दाखवणारा कागद भिजू देऊ नका.

सर्किटची पट्टी पाण्यात घालायची नाही. इयरबडला आयपीए लावा, पिळा, मग पुसा. पट्टीवर बोटांसारखे एकमेकांत गुंतलेले काळे पट्टे दिसतात, ते कार्बनचे छापील संपर्क. त्यांवर एकदाच, हलका हात. कापूस काळा झाला तर तिथेच थांबा, तुम्ही आता मळ नाही, कार्बन पुसताय.

धोका: खोडरबर नाही, ब्लेड नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. मी शिकत असताना एका शेजारच्या काकूंच्या रिमोटचे हे काळे पट्टे 'गंज' समजून खोडरबराने स्वच्छ केले होते. खाली सुंदर तांबं चमकायला लागलं. पॉवरचं बटण तेवढ्यापुरतं चाललंही. पावसाळा लागला, उघडं तांबं काळं पडलं आणि एकेक करत सगळी बटणं गेली. काकूंना नवा रिमोट आणून द्यावा लागला.

सगळं सावलीत एक पूर्ण दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं तर रबर वाकडं होतं. सांध्यांतलं पाणी दिसत नाही, त्यामुळे "वाळल्यासारखं वाटतंय" यावर जाऊ नका.

७. झिजलेले ठिपके

रबराच्या प्रत्येक बटणाखाली काळा गोल ठिपका असतो. दोष त्याचा की पट्टीचा हे असं ओळखा: पडदा बाजूला ठेवून पट्टीला सेल जोडा, एलईडी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बंद पडलेल्या बटणाच्या काळ्या पट्ट्यांवर अॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा बोटाने हलकेच दाबा. एलईडी लुकलुकला तर पट्टी ठीक आहे, ठिपका झिजलाय. तीन व्होल्टच आहेत, शॉक बसत नाही.

मीटरनेही बघता येतं. दोन्ही पिना ठिपक्यावर एक-दोन मिलिमीटर अंतराने टेकवा. काहीशे ओहम ते दोन-चार किलोओहम आलं तर ठिपका जिवंत. दहापट जास्त आलं तर तो गेला.

उपाय बरेच सांगितले जातात. ६बी पेन्सिल घासून लावतात. चालते, पण चार-आठ दिवस, आणि ग्राफाइटची भुकटी शेजारच्या संपर्कांवर सांडते ती वेगळीच. चॉकलेटची चांदी चिकटवतात. तीही चालते, पण तिच्या कडा पट्टीवरचा कार्बन खरवडतात. फॉइल तपासणीपुरतं ठीक, कायमचं नाही.

माझा उपाय वेगळा आहे. जुन्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी टेलिटेक्स्टची (टीव्हीवर मजकुराची पानं वाचायची जुनी सोय) चार बटणं असतील तर बघा. ती आता कुणी दाबत नाही, त्यामुळे त्यांचे ठिपके कोरे करकरीत असतात. नव्या ब्लेडने तिथला ठिपका रबराच्या पातळ थरासकट अलगद कापा, पॉवरच्या बटणाखालचा जुना ठिपका तसाच काढा, आणि नवा तिथे सिलिकोन गोंदाच्या एका थेंबाने बसवा. गोंद रात्रभर सुकू द्या. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद इथे नको. तो कडक होतो, बटण दाबताना तडकतो आणि त्याची पांढरी वाफ आजूबाजूच्या कार्बनवर बसते.

टेलिटेक्स्टची बटणं नसतील तर भंगारातला कुठलाही रिमोट दाता म्हणून चालतो, फक्त ठिपक्याचा व्यास जुळायला हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग शोधताना तयार ठिपक्यांचं पाकीटही विचारून बघा.

८. सगळीच बटणं बंद असतील तर

सेलचे पत्रे साफ असतील तर पहिला संशय सोल्डरवर. रिमोट आयुष्यात शेकडो वेळा पडलेला असतो. सेलच्या पत्र्यांचे आणि एलईडीचे पाय भिंगातून बघा. पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं की तिथे चीर आहे. थोडं नवं सोल्डर देऊन सांधा पुन्हा वितळवा. बरेच 'मेलेले' रिमोट इथेच उठून बसतात.

मग रेझोनेटर. दोन किंवा तीन पायांचा, बहुधा पिवळा, निळा किंवा केशरी, छोट्या वडीसारखा भाग. आत सिरॅमिक असतं आणि ते पडल्यावर तडकतं. तो चालतो का हे बघायला आजोबांचा ट्रान्झिस्टर रेडिओ काढा. मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी आवाज वाढवा, पट्टी रेडिओला अगदी चिकटवा आणि बटण दाबा. टर्र-टर्र ऐकू आलं तर रेझोनेटर आणि आयसी दोघंही जिवंत, दोष एलईडीत किंवा त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये.

रेझोनेटर बदलताना दुकानदार विचारपूस न करता ४५५ किलोहर्ट्झचा देतो. बऱ्याच रिमोटांना तो बरोबरच असतो: ४५५ ला १२ ने भागलं की जवळपास ३८ किलोहर्ट्झ येतात आणि त्या गतीने एलईडी लुकलुकतो. पण फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचे रिमोट ३६ किलोहर्ट्झवर चालतात. त्यांत ४२९ किंवा ४३२ लिहिलेला रेझोनेटर असतो. तिथे ४५५ चा लावला की कॅमेऱ्यात लुकलुक अगदी झकास दिसते, आणि टीव्ही कधी ऐकतो, कधी नाही, किंवा फक्त दोन फुटांवरून ऐकतो. कारण नुसती लुकलुकण्याची गती बदलत नाही, संदेशातल्या ठोक्यांची लांबीही त्याच रेझोनेटरवरून ठरते. जुन्या भागावरचा आकडा वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पुसला गेला असेल तर तो भागच सोबत न्या.

एलईडी मीटरच्या डायोड मोडवर तपासा. सरळ जोडल्यावर १.१ ते १.३ च्या आसपास आकडा आणि उलट जोडल्यावर काहीच नाही, म्हणजे ठीक. बदलायचा झाला तर इन्फ्रारेडच मागा आणि लांब पाय कुठे होता ते फोटोत बघा. दिसेल तरी म्हणून कुणीतरी लावलेला साधा लाल एलईडी मी पाहिला आहे. दिसत होता खरा.

लांबून चालत नाही, जवळून चालतो अशी तक्रार असेल आणि सेल ठणठणीत असतील, तर सेलच्या तारांना समांतर लावलेला ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला. लुकलुकण्याचा तो क्षणिक करंट हाच पुरवतो. त्याच्या अंगावरची मायनसची पट्टी जिकडे होती तिकडेच हवी.

९. बंद करण्याआधी

खटके बसवण्याआधी पट्टी, पडदा आणि वरचा भाग नुसते एकावर एक ठेवा, सेल जोडा, आणि तिसऱ्या पायरीतला कागद पुन्हा काढा. प्रत्येक बटण कॅमेऱ्यासमोर दाबा. सगळ्या फुल्यांच्या टिका झाल्याशिवाय रिमोट बंद करायचा नाही.

मग टीव्हीसमोर पाच मीटरवरून समोरून आणि तिरकं, दोन्ही बघा. बंद केल्यावर एखादं बटण आतच राहत असेल तर पडदा खुंट्यांवर नीट बसलेला नाही. स्क्रू जास्त आवळून ते सुटत नाही, उलट प्लास्टिकमधले आटे जातात.

रिमोट चालू झाला की त्याच दिवशी एक लर्निंग रिमोट आणा आणि जुन्याची सगळी बटणं त्याला शिकवून घ्या. या टीव्हींच्या मेन्यूची बटणं बाजारातल्या तयार रिमोटवर सहसा नसतात आणि मूळ रिमोट पुन्हा गेला की ती कुणाकडून शिकणार? महिनाभर गावाला जात असाल तर सेल काढून ठेवा.

सेल नसलेला रिमोट हाती आला तर

अमेरिकेत राहणारे वाचक तिथल्या जुन्या बाजारातून झेनिथ कंपनीचा स्पेस कमांड रिमोट उचलतात आणि सेलचा कप्पा सापडत नाही म्हणून तो फोडायला निघतात. कप्पा नाहीच. १९५६ साली आलेल्या या रिमोटला वीज लागत नाही. बटण दाबलं की आतली हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटते आणि कांडी आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच सुरात वाजते. आपल्या कानाला फक्त 'क्लिक' येतं. चार बटणांच्या रिमोटमध्ये चार लांबीच्या चार कांड्या असतात.

इथे वरची कुठलीच तपासणी लागू होत नाही. कॅमेऱ्यात काही दिसणार नाही, कारण प्रकाशच नाही. मोबाइलच्या ध्वनी मोजणाऱ्या अॅपवरही भरवसा ठेवू नका. हे सूर ४० किलोहर्ट्झच्या आसपासचे, आणि फोन साधारणपणे २४ किलोहर्ट्झच्या पुढचं नोंदवतच नाही. आवाज आला नाही म्हणून रिमोट मेला असं ठरत नाही. वटवाघळांचे आवाज टिपणारं उपकरण कुणाकडे असेल तर ते चालतं.

उघडलाच तर धूळ फुंका आणि हातोडी मोकळी हलते का बघा. कांडी मधोमध पकडलेली आणि दोन्ही टोकांना मोकळी असायला हवी. टोकाला कापूस, गोंद किंवा मळ टेकला असेल तर तो काढा. कांडीला तेल लावू नका आणि कानशीने घासून चमकवू तर मुळीच नका. लांबी बदलली की सूर बदलतो आणि टीव्ही ते बटण ओळखत नाही.

आणि तो टीव्ही कुणी सामानात घालून इकडे आणला असेल तर प्लग लावू नका. तो ११०-१२० व्होल्टचा आहे, आपल्या भिंतीतून २३० येतात. ट्रान्सफॉर्मर लावूनही आत अनेक दशकं पडून सुकलेले कपॅसिटर आहेत. आधी ते बदलून घ्या. तोवर रिमोट नुसता क्लिक-क्लिक वाजवून बघायला हरकत नाही.